विंडोज, लिनक्स, डार्विन: कोडमधल्या नावांची पन्नास वर्षं

(पॉडकास्टच्या भागाचं हे लेखी रूप. कोडमधली नावं ऐकताना निसटतात, म्हणून ती इथे उच्चारासकट नीट लिहून दिली आहेत. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)

मागच्या भागात आपण कंपायलरवर बोललो, त्यानंतर शिरपूरच्या एका विद्यार्थ्याचा मेसेज आला. "दादा, गो भाषेत मॅकसाठी कोड लिहायचा तर 'मॅक' असं लिहून चालत नाही, 'डार्विन' लिहावं लागतं. हा डार्विन कोण? आणि सरळ मॅक का नाही म्हणत?"

प्रश्न एका ओळीचा आहे, पण उत्तर पन्नास वर्षं मागे जातं. आजचा सगळा भाग त्याच्यावरच. प्रोग्रॅमिंग भाषेनं ऑपरेटिंग सिस्टिमला कुठल्या नावानं हाक मारायची, ते नाव कोण ठरवतं, आणि एकदा ठरलं की ते बदलता का येत नाही, हा आजचा विषय. ऐकायला किरकोळ वाटेल, पण ज्याच्या मशीनचं नाव यादीत नसतं त्याला विचारा.

आधी मूळ गोष्ट

जे प्रोग्रॅमिंग करत नाहीत त्यांच्यासाठी दोन मिनिटं. लग्नाची पत्रिका डोळ्यासमोर आणा. मुहूर्त तोच, मंगल कार्यालय तेच, वधूवरांची नावं तीच. पण मुलाकडच्यांच्या पत्रिकेत निमंत्रक वेगळे, मुलीकडच्यांच्या पत्रिकेत वेगळे. प्रेसवाला दोन पत्रिका पहिल्यापासून जुळवत नाही. मजकूर एकच ठेवतो आणि मनाशी खूण करतो: मुलाकडची असेल तर ह्या चार ओळी, मुलीकडची असेल तर त्या चार. छापून हातात आलेल्या पत्रिकेत दुसऱ्या बाजूच्या ओळींचा मागमूसही नसतो.

कंडिशनल कंपायलेशन म्हणजे हेच. प्रोग्रॅम एकच, पण फाइल उघडायची पद्धत विंडोजवर वेगळी, लिनक्सवर वेगळी. मग कोडमध्ये लिहायचं: विंडोज असेल तर ह्या ओळी, नसेल तर त्या. निवड प्रोग्रॅम चालताना होत नाही, तो तयार होतानाच होते. न निवडलेल्या ओळी तयार प्रोग्रॅममध्ये शिल्लकच राहत नाहीत.

आता "विंडोज असेल तर" ह्यातला "विंडोज" हा शब्द कुणीतरी आधी ठरवून ठेवलेला असतो, भाषा बनवणाऱ्यानं किंवा कंपायलर बनवणाऱ्यानं. आपली गोष्ट त्या शब्दाची आहे.

बेल लॅब्स, १९७२-७३

सी भाषा अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी घडवली. तिच्या इतिहासावर त्यांनी स्वतःच एक निबंध लिहिलाय. त्यात ते सांगतात की १९७२-७३ च्या सुमारास ॲलन स्नायडर यांच्या आग्रहामुळे सीमध्ये प्रीप्रोसेसर आला. सुरुवातीला त्याला दोनच कामं येत होती: एक फाइल दुसरीत आणून घालणं आणि एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवणं. पुढे माइक लेस्क आणि मग जॉन रायझर यांनी तो वाढवला, आणि "असेल तर ठेव, नसेल तर गाळ" ही सोय त्या वाढीत आली. म्हणजे हॅश-इफ, हॅश-इफडेफ ही मंडळी भाषेच्या मूळ आराखड्यात नव्हती. पडवी नंतर काढावी तशी ती बाजूला जोडलेली होती.

सुरुवातीला तिची फार गरजही नव्हती, कारण युनिक्स एकाच घराण्याच्या मशीनवर, म्हणजे पीडीपी-११ वर चालत होतं. १९७७ च्या आसपास युनिक्स इंटरडेटा नावाच्या वेगळ्याच मशीनवर नेऊन दाखवलं गेलं, आणि सी भाषेचे प्रोग्रॅम इकडून तिकडे जाऊ लागले. तेव्हा प्रोग्रॅमला प्रश्न पडू लागला: "मी आता कुठे आहे?"

१९७९ ची युनिक्सची सातवी आवृत्ती घ्या. तिच्यातल्या प्रीप्रोसेसरला काही नावं आधीपासून माहीत होती. सिस्टिमसाठी 'युनिक्स', 'जीकॉस', 'आयबीएम' आणि मशीनसाठी 'पीडीपी-११', 'व्हॅक्स' अशी.

ह्या यादीकडे जरा नीट बघा. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. जीकॉस हीसुद्धा ऑपरेटिंग सिस्टिम. पण आयबीएम ही तर कंपनी! एका रांगेत सिस्टिमही उभी आणि कंपनीही उभी. त्या खोलीतल्या लोकांना त्याचा काही त्रास नव्हता. आयबीएम म्हटलं की कुठलं मशीन ते सगळ्यांना कळत होतं. गावात "डॉक्टरांकडे जाऊन येतो" म्हटलं की कुठल्या डॉक्टरांकडे ते विचारावं लागत नाही, तसं. घोळ गावाबाहेर पडल्यावर सुरू होतो.

साधा शब्द सरकारजमा

पहिला घोळ असा झाला की 'युनिक्स' हा शब्द अगदी साधा होता, सगळा स्मॉल अक्षरांत, मागेपुढे काही नाही. कंपायलर त्या शब्दाच्या जागी मुकाट्यानं १ हा आकडा ठेवायचा. म्हणजे तुम्ही स्वतःच्या व्हेरिएबलला 'युनिक्स' नाव दिलं, तर तुमचं नाव पुसून तिथे १ येणार.

ह्यावर एक गाजलेली गंमत आहे. अगम्य सी कोडची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा असते. १९८७ साली बेल लॅब्सच्याच डेव्हिड कॉर्न यांनी तिच्यात एका ओळीचा प्रोग्रॅम पाठवला आणि एका ओळीच्या प्रोग्रॅमचं बक्षीस मिळवलं. त्या ओळीत 'युनिक्स' हा शब्द दोनदा येतो, आणि चालवल्यावर पडद्यावर 'युनिक्स' असंच उमटतं. वाचणाऱ्याला वाटतं की आत लिहिलेला शब्दच बाहेर आला. प्रत्यक्षात आतले दोन्ही 'युनिक्स' म्हणजे आकडा १ आहेत, आणि बाहेर आलेली अक्षरं वेगळ्याच ठिकाणाहून जुळवलेली आहेत.

गंमत सोडली तर प्रश्न खरा होता. उद्या बाजारात नवी सिस्टिम येईल, कंपायलर तिचं नाव राखून ठेवेल, आणि जगात ज्यांनी ज्यांनी तो शब्द कोडमध्ये वापरलाय त्यांचे प्रोग्रॅम एका रात्रीत मोडतील.

१९८९ साली सीचं अमेरिकन प्रमाणीकरण झालं, त्यात ह्यावर तोडगा निघाला. कंपायलरनं आधीपासून ठरवलेली नावं अंडरस्कोरनंच सुरू झाली पाहिजेत, आणि त्याच्यापुढे कॅपिटल अक्षर किंवा दुसरा अंडरस्कोर हवा. तशी नावं सामान्य प्रोग्रॅमरनं घ्यायची नाहीत. गावठाण वेगळं, गायरान वेगळं, हद्द आखून दिली. म्हणून आज आपण 'अंडरस्कोर अंडरस्कोर लिनक्स अंडरस्कोर अंडरस्कोर' असं लांबलचक नाव लिहितो.

पण जुनी वहिवाट लगेच मोडत नाही. आजही लिनक्सवर जीसीसी कंपायलर नेहमीच्या पद्धतीनं चालवा आणि 'लिनक्स' नावाचा एक इंटिजर बनवायला जा, एरर येते. कारण तो शब्द अजूनही १ आहे. कडक प्रमाण पद्धत मागितली तरच तो मोकळा होतो. खुद्द लिनक्स कर्नलमध्येही ह्याची काळजी घ्यावी लागते. हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या डिव्हाइस ट्री फाइलींमध्ये 'लिनक्स, स्वल्पविराम, कोड' अशा धाटणीची नावं असतात. त्या फाइली प्रीप्रोसेसरमधून जाताना 'लिनक्स'चं '१' होऊ नये, म्हणून ही आधीची नावं विसरायला सांगणारा पर्याय कर्नलवाल्यांनी तिथे लावून ठेवलाय. लिनक्सच्या घरातच लिनक्स हे नाव जपावं लागतं, बघा.

आम्हा पिंपळनेरकरांना हा प्रकार समजायला जड जात नाही. आमनं पिंपळनेर पांझरेच्या काठी, साक्री तालुक्यात. पण एक पिंपळनेर बीड जिल्ह्यात आहे, एक सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात. गावात नुसतं पिंपळनेर म्हटलं तरी भागतं. पार्सलवर मात्र "ता. साक्री, जि. धुळे" लिहिलं नाही तर वस्तू कुठे जाईल सांगता येत नाही. ते दोन अंडरस्कोर म्हणजे हेच "ता., जि." आहे.

नाव नक्की कशाचं?

हद्द आखली गेली, पण मोठा प्रश्न तसाच राहिला. नाव कशावरून ठेवायचं? कंपनीवरून, कर्नलवरून, की दुकानात ज्या नावानं विकतात त्यावरून?

विंडोजचं बघा. १९९३ साली विंडोज एनटी आलं आणि त्याच्याबरोबर विन-३२ नावाचा प्रोग्रॅमिंगचा संच आला. तेव्हा ३२ बिट ही मिरवण्याची गोष्ट होती, म्हणून कंपायलरच्या नावातही 'विन-३२' गेलं. पुढे ६४ बिटचं विंडोज आलं. आता काय करायचं? नाव काढलं तर जगभरातला "विन-३२ असेल तर" असं विचारणारा कोड समजणार की हे विंडोजच नाही. म्हणून ६४ बिट विंडोजवरही 'विन-३२' हे नाव तसंच ठेवलं, आणि जोडीला 'विन-६४' आणखी एक दिलं. आज पहिल्यांदा सी शिकणारी मुलगी ६४ बिट लॅपटॉपवर "विन-३२ आहे का?" विचारते आणि उत्तर "हो" येतं. आकड्याला अर्थ उरलेला नाही, ते फक्त नाव आहे.

ॲपलची कथा आणखी मजेशीर. २००१ साली नाव होतं मॅक ओएस टेन. २०१२ मध्ये 'मॅक' गळलं, नुसतं ओएस टेन राहिलं. २०१६ मध्ये पुन्हा बदललं, मॅकओएस झालं. पंधरा वर्षांत तीन पाट्या. फोनच्या सिस्टिमचं नाव आधी आयफोन ओएस, मग २०१० पासून आयओएस.

आता ज्यांनी दुकानाच्या पाटीवरून नाव घेतलं त्यांचं काय झालं? ॲपलच्याच स्विफ्ट भाषेत आधी 'ओएसएक्स' असं लिहायचे. २०१६ ला पाटी बदलल्यावर 'मॅकओएस' हे नाव स्वीकारलं गेलं, पण जुनं 'ओएसएक्स'ही चालू ठेवावं लागलं. डी नावाच्या भाषेत मॅकसाठी पूर्वी 'डार्विन' चालायचं, ते जुनं ठरवून 'ओएसएक्स' आणलं. आणि नंतर ॲपलनं ते नावच सोडलं. डीमध्ये मात्र 'ओएसएक्स' राहिलं.

ॲपलच्या सीमधल्या नावांमध्ये तर नात्यांचाच गुंता आहे. 'टार्गेट ओएस मॅक' हे नाव आयफोनवरसुद्धा खरं असतं. 'टार्गेट ओएस आयफोन' हे घड्याळावर आणि टीव्हीच्या डब्यावरही खरं असतं. फक्त मॅक हवा असेल तर 'टार्गेट ओएस ओएसएक्स' विचारायचं. नावावरून अर्थ काढायला गेलात की फसलात.

आता 'डार्विन'. मॅकच्या आत, खिडक्या आणि रंग बाजूला केले की जो पाया उरतो, कर्नल आणि त्याच्या भोवतीची मूळ हत्यारं, त्या पायाचं नाव डार्विन. गो भाषा २००९ साली खुली झाली तेव्हा तिनं पाटीवरचं नाव न घेता ह्या पायाचं नाव घेतलं. त्यानंतर ॲपलनं पाटी दोनदा बदलली आणि गोमधल्या एकाही ओळीला हात लावावा लागला नाही. शिरपूरच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे.

त्याची किंमतही आहे, आणि तीच तू मोजलीस. नव्या माणसाला 'डार्विन' म्हणजे काय ते कळतच नाही. टिकाऊ नाव परकं वाटतं, ओळखीचं नाव टिकत नाही. रस्ट भाषेनं दोन्ही दगडांवर पाय ठेवलाय: कोडमध्ये विचारताना 'मॅकओएस', पण कंपायलरला लक्ष्य सांगताना जे लांब नाव द्यावं लागतं त्याच्या शेवटी 'ॲपल-डार्विन'.

हे फक्त कॉम्प्युटरवाल्यांचं दुखणं नाही. १९९५ साली बॉम्बेचं मुंबई झालं, पण विमानाच्या तिकिटावर आजही बी-ओ-एम येतं. रेल्वेनं दुसरा मार्ग धरला. व्हीटीचं १९९६ ला सीएसटी झालं, २०१७ ला नावात 'महाराज' आलं आणि सीएसएमटी झालं, प्रत्येक वेळी पाट्या आणि कोड बदलायचा खर्च सोसून. लोक मात्र "व्हीटीला उतरतो" म्हणत राहिले. कॉम्प्युटरमध्ये भारताची वेळ लावताना 'एशिया/कोलकाता' असं नाव आहे, पण जुनं 'एशिया/कलकत्ता' लिहिलं तरी चालतं, कारण ते काढलं तर कितीतरी जुने प्रोग्रॅम अडतील. आपला जिल्हासुद्धा १९०६ पासून पश्चिम खानदेश होता, तो पुढे धुळे झाला. जुनी कागदपत्रं काढली की पश्चिम खानदेश हे नाव समोर येतंच, आणि ते वाचता आलं नाही तर जमिनीचा माग लागत नाही.

घर वाटलं की नावाचं काय?

नाव टिकाऊ निवडलं तरी एक दिवस घर वाटलं जातं. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. धुळ्याच्या गाड्या एमएच-१८, नंदुरबारला पुढे एमएच-३९ मिळालं. पण वाटणीआधी घेतलेल्या नंदुरबारच्या गाडीवर एमएच-१८ च असायचं.

गोमध्ये हेच घडलं. आयफोनसाठीचं लक्ष्य 'डार्विन, आर्म-६४' असं लिहायचे. मॅक तेव्हा इंटेलच्या चिपवर होते, त्यामुळे आर्म-६४ म्हटलं की फोन, ह्यात शंका नव्हती. २०२० मध्ये ॲपलनं मॅकमध्येच स्वतःची आर्म चिप बसवली. आता 'डार्विन, आर्म-६४' म्हणजे फोन की लॅपटॉप? फेब्रुवारी २०२१ मध्ये गोची १.१६ आवृत्ती आली, तिच्यात ते नाव मॅकला दिलं आणि फोनसाठी 'आयओएस' असं वेगळं नाव काढलं. पण एक नातं राखलं: आयओएस असेल तर डार्विनही खरं मानायचं. अँड्रॉइडला हाच नियम आधीपासून होता, अँड्रॉइड असेल तर लिनक्सही खरं. त्यामुळे 'डार्विन असेल तर' असं विचारणारा जुना कोड फोनवर पहिल्यासारखाच लागू राहिला.

मग ऑगस्ट २०२२ मध्ये, १.१९ आवृत्तीत, गोनं 'युनिक्स' हे नाव आणलं. चाळीस वर्षांपूर्वीचा तोच शब्द, पण आता तो एका सिस्टिमचं नाव नव्हता, अख्ख्या भावकीचं आडनाव होता. लिनक्स, डार्विन, फ्रीबीएसडी, सोलारिस, अँड्रॉइड अशी सगळी मंडळी त्यात. तोवर लोक ही सगळी नावं एकेक करून लिहायचे आणि एखादं हमखास सुटायचं.

इथे एक अडचण होती, ती मला फार आवडते. गोमध्ये फाइलच्या नावाच्या शेवटी 'अंडरस्कोर विंडोज' असेल तर ती फाइल आपोआप फक्त विंडोजसाठी घेतली जाते. मग 'अंडरस्कोर युनिक्स'लाही तोच नियम लावायचा का? नाही लावला. कारण त्या शेवटाच्या फाइली लोकांनी आधीच बनवून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्या मनातलं 'युनिक्स' प्रत्येकाचं निराळं होतं. नियम लावला असता तर चालू असलेले प्रोग्रॅम गुपचूप बदलले असते. म्हणून फाइलच्या आत लिहिलं तर 'युनिक्स' समजतं, नावात लिहिलं तर समजत नाही. नियम विसंगत झाला, पण लोकांचा कोड वाचला.

गोच्या कोडमध्ये सिस्टिमच्या नावांची एक यादी आहे, आणि तिच्यावर सूचना आहे की झालेली, असलेली आणि होऊ शकणारी सगळी नावं इथे राहतील, कुठलंही काढायचं नाही. 'नाकल' नावाची एक व्यवस्था गोनं २०२० मध्ये, १.१४ आवृत्तीत सोडून दिली, तरी तिचं नाव यादीत आहे. कारण ते काढलं तर त्या शेवटाच्या जुन्या फाइली अचानक सगळीकडे लागू व्हायला लागतील. माणूस गेला तरी सातबाऱ्यावरचं नाव एका दिवसात काढता येत नाही, तसंच.

स्मॉल एल, कॅपिटल डब्ल्यू

थोडं अक्षरांवर. आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉल नाही, त्यामुळे ही डोकेदुखी आपल्याला माहीत नाही. डी भाषेत विंडोजचा डब्ल्यू कॅपिटल, फ्रीबीएसडीचा एफ कॅपिटल, ओएसएक्स सगळंच कॅपिटल, पण लिनक्सचा एल स्मॉल. आयओएसचा पहिला आय स्मॉल, बाकीचं कॅपिटल, कारण ॲपल तसं लिहितं.

कुणी कॅपिटल एल घालून लिनक्स लिहिलं तर काय होतं? डीमध्ये काहीच होत नाही, आणि त्रास तिथेच आहे. माहीत नसलेलं नाव म्हणजे "असं काही नाही" असं समजून कंपायलर पुढे जातो. एरर नाही, इशारा नाही, त्या ओळी फक्त गायब. सीमध्येही हेच: इफडेफपुढे नावाचं एक अक्षर चुकलं की ते नाव "नाही" ठरतं. बाकी सगळ्या कोडमध्ये स्पेलिंग चुकलं की कंपायलर ओरडतो. इथे तो गप्प बसतो.

'नाहीतर'मध्ये कोण राहतं?

आता मुद्द्याचं. अशा कोडमध्ये शेवटी एक 'एल्स' असतं. विंडोज असेल तर हे, नाहीतर ते. लिहिणारा 'नाहीतर' म्हणजे लिनक्स असं मनात धरतो. पण 'नाहीतर'मध्ये मॅक येतं, फ्रीबीएसडी येतं, अजून जन्माला न आलेली सिस्टिमही येते. त्या सगळ्यांना लिनक्स समजून वागवलं जातं, मग त्यांचं पटो न पटो.

१९९२ साली हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी युसेनिक्सच्या परिषदेत ह्यावर एक निबंध वाचला. त्यांनी सी न्यूज नावाचा मोठा प्रोग्रॅम कितीतरी तऱ्हेच्या युनिक्सांवर चालवून दाखवला होता, आणि इफडेफ घातक आहे असं त्यांनी शीर्षकातच म्हटलं होतं. सार असं: जागोजागी "तू कोण?" विचारत बसू नका. फरक असलेलं काम एका फंक्शनच्या मागे ठेवा, आणि ज्या सिस्टिमला जे फंक्शन लागतं त्याची वेगळी फाइल द्या. त्याच्या वर्षभर आधी, १९९१ मध्ये, डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ सुरू केलं होतं. त्याचाही सूर तोच: सिस्टिमचं नाव विचारण्यापेक्षा "तुला हे काम येतं का?" विचारा आणि एक छोटा प्रोग्रॅम चालवून खात्री करा.

मला हा फरक फार मोलाचा वाटतो. नाव विचारलं की यादी लागते, यादी आली की ती कुणीतरी ठेवतो, आणि जो यादी ठेवतो त्याला दिसतात तेवढीच नावं तिच्यात जातात.

आपल्याकडचं उदाहरण अहिराणीचं. भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत मराठीला एम-ए-आर हा कोड आहे, अहिराणीला ए-एच-आर आणि खानदेशीला के-एच-एन असे वेगळे. जनगणनेत खानदेशी ही वेगळी भाषा मोजतात आणि अहिराणी तिच्या पोटात धरतात. आमच्या शाळेच्या फॉर्मवर मात्र मातृभाषेपुढे मराठी लिहिलेलं असायचं, घरात सगळे अहिराणी बोलत असले तरी. अहिराणी असेल तर मराठी खरं, की अहिराणी असेल तर खानदेशी खरं, की दोन्ही, की कुठलंच नाही? गोवाल्यांनी अँड्रॉइड आणि लिनक्सचं नातं ठरवलं तोच हा प्रश्न आहे. फरक इतकाच की तिथे चुकलं तर प्रोग्रॅम बंद पडतो आणि लगेच कळतं. इथे काहीच बंद पडत नाही. एक भाषा 'नाहीतर'मध्ये राहते, आणि तिच्यासाठी कीबोर्ड, शब्दकोश, बोलून टाइप करायची सोय बनवायची कुणाला आठवणही होत नाही. कोड मिळाला म्हणून हे सगळं मिळत नाही हे खरं, पण कोड नसेल तर मागायचं कुठल्या नावानं?

मग आपण काय करायचं?

भाषा बनवायला आपण सगळे जाणार नाही. पण आपापल्या टीममध्ये असं नाव कधी ना कधी प्रत्येकाला ठेवावं लागतं. ह्या इतिहासातून मी स्वतःसाठी चार गोष्टी बांधून ठेवल्यात.

एक, नाव पायावरून घ्या. पाटी विक्री खात्याच्या हातात असते, ती बदलणारच. आकडा तर नावात घालूच नका, विन-३२ आठवा.

दोन, वेगळ्या गोष्टींना वेगळे रकाने ठेवा. कंपनी, चिप, कर्नल आणि सिस्टिमची भावकी हे चार वेगळे प्रश्न आहेत. सत्तरच्या दशकात ते एका यादीत बसले, कारण यादीच हातभर होती.

तीन, नात्याचा क्रम सांभाळा. सीमध्ये अँड्रॉइडवर लिनक्सचंही नाव खरं असतं. म्हणून आधी अँड्रॉइड विचारा, मग लिनक्स. उलटं केलंत तर अँड्रॉइडची पाळीच येणार नाही.

चार, आणि सगळ्यात महत्त्वाचं: 'नाहीतर' मोकळं सोडू नका. प्रत्येक ओळखीची सिस्टिम नावानं लिहा, आणि शेवटच्या 'नाहीतर'मध्ये हॅश-एरर टाका: "ही सिस्टिम आम्हाला माहीत नाही." प्रोग्रॅम बनणार नाही, समोरचा चिडेल, पण त्याला कारण कळेल. कुणीतरी आपल्याला भलतंच समजून चालत राहण्यापेक्षा "तू कोण ते मला माहीत नाही" असं तोंडावर सांगितलेलं बरं. त्यातून निदान बोलणं सुरू होतं आणि यादीत एक नाव वाढतं.

आजच्या पुरतं एवढंच. तुमच्या कोडमध्ये असं एखादं जुनं नाव असेल, ज्याचा अर्थ केव्हाच गेलाय पण काढायची हिंमत कुणी करत नाही, तर ते आणि त्याची गोष्ट मेसेजमध्ये पाठवा. पाच-सात चांगली जमली तर त्यांचाच एक भाग करू. पुढच्या वेळी तारखा आणि कॅलेंडर घेऊन बोलू. तोवर राम राम.